कागद म्हणतो फायाल, डीएनए म्हणतो साओ मिगेल: एका अझोरी घराण्याचा शोध

माझ्या सासूबाईंचं माहेर पोर्तुगीज वंशाचं. मात्र मूळ मुख्य पोर्तुगालातलं नाही, अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरचं. त्यांचे आजोबा १९०६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावी आले, कापडगिरणीत लागले, तिथेच त्यांनी संसार केला आणि तिथेच वारले. अमेरिकेत आडनाव ‘पेरी’, मूळचं ‘परेरा’. नागरिकत्वाच्या कागदांवर जन्मस्थान एका शब्दात लिहिलेलं: फायाल. त्या एका शब्दावर या घराच्या तीन पिढ्या स्वतःला फायाल बेटाच्या मानत आल्या. १९५७-५८ मध्ये त्या बेटावर कापेलिन्योश ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढे अमेरिकेने खास कायदा करून तिथल्या कुटुंबांना आसरा दिला, तेव्हा सासूबाईंच्या वडिलांनी आलेल्या लोकांना ‘आपले गाववाले’ म्हणून घरी जेवू घातलं होतं. दिवाणखान्यात आजही फायालच्या ऑर्टा बंदरातून दिसणाऱ्या पिको पर्वताचं चित्र आहे.

सासूबाईंना दोन गोष्टी हव्या होत्या: आजोबांचं गाव आणि आजोबांच्या वडिलांचं नाव. फॉल रिव्हरच्या विवाहनोंदीत वराच्या वडिलांच्या रकान्यात आजोबांचंच नाव जसंच्या तसं उतरवलेलं आहे आणि आईचं नाव ‘मारिया द जेझुश’. या नावाच्या बायका अझोर्सच्या प्रत्येक गावात डझनांनी सापडतात. म्हणजे हाती जवळजवळ काहीच नाही. हे प्रकरण सासूबाईंच्या संमतीने लिहीत आहे. कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बेटांवरच्या माणसांचा डीएनए मुख्य भूमीवरच्यापेक्षा वेगळा वागतो, आणि ते आधी लक्षात घेतलं नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं. अझोर्सची नऊ बेटं पोर्तुगीज आले तेव्हा निर्मनुष्य होती. १४३९ पासून वस्तीला सुरुवात झाली. माणसं पोर्तुगालच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आली, काही फ्लँडर्समधून आली, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक होते, सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यूही होते. पुढची साडेचारशे वर्षं डोंगरांच्या कुशीतल्या छोट्या छोट्या गावांत त्याच घराण्यांच्या आपसांत सोयरिकी होत राहिल्या. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाच्या वंशावळीत १०२४ जागा असतात. गावात माणसंच काहीशे असतील, तर त्या जागांवर तीच ती जोडपी पुन्हा पुन्हा येणार हे उघड आहे.

याचा परिणाम असा की चाचणी करणारी कंपनी डीएनए जुळणाऱ्या लोकांची (त्यांना ‘मॅच’ म्हणतात) जी यादी देते, तिच्यातला जवळपास प्रत्येक बेटकरी तुमचा नातेवाईक निघतो, आणि तोही एका वाटेने नव्हे, चार-पाच वाटांनी. प्रत्येक वाटेने आलेला डीएनएचा बारीक तुकडा बेरजेत धरला जातो. बेरीज फुगते, आणि दूरचं नातं जवळचं दिसायला लागतं.

सासूबाईंनी दोन कंपन्यांच्या चाचण्या केल्या. टक्केवारीच्या रंगीत नकाशावर मी फार वेळ घालवला नाही. निम्म्याच्या आसपास आयर्लंड, कारण त्यांची आई आयरिश. उरलेलं बहुतेक पोर्तुगाल, आणि कडेला उत्तर आफ्रिका व ज्यू वंशाचे एक-दोन टक्के. अझोरी लोकांच्या निकालात हे नेहमी दिसतं. त्या एक-दोन टक्क्यांवरून कुळाच्या कहाण्या रचू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कामाची ओळ वेगळीच होती. कंपनीने त्यांना ज्या अनुवंशिक गटात बसवलं होतं तो साओ मिगेल बेटाचा होता. फायालचा उल्लेख कुठेच नव्हता. नकाशावर ही दोन बेटं एकाच द्वीपसमूहात दिसतात, पण त्यांच्यामध्ये अडीचशे किलोमीटरहून जास्त समुद्र आहे.

घरातल्यांनी याचा सरळ अर्थ लावला की साओ मिगेलचा वारसा आजीकडून आला असणार. आजी त्याच बेटावरच्या रिबेरा ग्रांदची, तिचे सगळे कागद हाती होते. हे शक्य होतं, म्हणून ते तपासणं भाग होतं. आजीच्या सख्ख्या बहिणीच्या नातवाने चाचणी केलेली होती. त्याच्याशी जुळणारे लोक एका बाजूला काढले. मग एक्स गुणसूत्राचा आधार घेतला. सासूबाईंना वडिलांकडून आलेलं एक्स गुणसूत्र वडिलांना त्यांच्या आईकडूनच मिळालेलं असणार, कारण बाप मुलाला एक्स देतच नाही. म्हणजे आजोबांचा एक्स सासूबाईंपर्यंत पोहोचायला वाटच नाही. पोर्तुगीज बाजूच्या ज्या मॅचशी एक्सवर भक्कम तुकडा जुळतो, ते नातं आजीकडूनच आलेलं. या दोन चाळण्यांतून आजीची बाजू बरीचशी बाहेर निघाली. उरलेल्या यादीत आजोबांकडचे लोक राहायला हवे होते, म्हणजे फायाल बेटाचे. पण उरलेले लोकही साओ मिगेलचेच निघाले. फायाल बेटाच्या एकाही कुटुंबाशी मोठा तुकडा जुळत नव्हता.

आता एक तर नागरिकत्वाचा कागद खोटा, नाहीतर डीएनएचा अर्थ आम्हाला नीट लागत नव्हता. उरलेल्या मॅचच्या वंशावळी एकेक करून उघडल्या तेव्हा त्या बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, पोवोआसाओ तालुक्यात, जाऊन थांबायला लागल्या. त्या तालुक्यात समुद्राकाठी, खोल दरीच्या तोंडाशी एक लहानसं गाव आहे: फायाल दा तेर्रा. गावाचं नाव आणि बेटाचं नाव एकच. आजोबा स्वतःच्या गावाचं नाव बरोबर सांगत होते. लिहून घेणाऱ्या कारकुनाला मात्र एकच फायाल माहीत होतं. मॅसॅच्युसेट्स ज्यात येतं त्या न्यू इंग्लंड भागाची देवमासे मारणारी जहाजं पिढ्यान्‌पिढ्या ऑर्टा बंदरात थांबत आली होती, त्यामुळे या किनाऱ्यावर फायाल म्हटलं की ते बेट, असं समीकरणच झालेलं. अझोर्समध्ये पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाने कागदावरचं ‘फायाल’ वाचून लगेच बेटाच्या नोंदी उघडू नयेत. त्याच नावाचं गाव दुसऱ्या बेटावर आहे हे आधी डोक्यात ठेवावं. मॅचच्या यादीतल्या निदान दोन वंशावळींत हीच गल्लत तशीच्या तशी उतरलेली मला दिसली.

अझोर्सच्या चर्चमधल्या १९११ पर्यंतच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्यांची छायाचित्रं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बेट, तालुका, गाव, वर्ष या क्रमाने वही उघडायची आणि पानामागून पान वाचत जायचं. नावाने शोधायची सोय नाही. १८६० पासूनच्या नोंदी एका ठरावीक साच्यात आहेत: जन्माची तारीख आणि वेळ, आईवडिलांची नावं, त्यांचा व्यवसाय, दोन्हीकडचे आजी-आजोबा, धर्मपिता आणि धर्ममाता. मी मूळची नाशिकची. आमच्याकडे तीर्थोपाध्यायांना गाव, जात आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात आणि पणजोबांच्या हातची सही समोर ठेवतात. अझोर्समध्ये आडनावाचा तेवढा भरवसा नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं फक्त पाळण्यातलं नाव असतं. आडनाव तो मोठेपणी घेतो, आणि ते वडिलांचंच असेल असं नाही. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात, आणि बायकांची तर बहुतेकदा ‘द जेझुश’, ‘दा कोन्सेसाओ’ अशी भक्तीची नावं असतात.

म्हणून परेरा शोधण्यात अर्थ नव्हता. शोधायची होती तारीख. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१८ मध्ये, अमेरिकेत १८ ते ४५ वयाच्या पुरुषांची सैन्यभरतीसाठी नोंदणी झाली, परदेशी नागरिकांचीही. आजोबांच्या कार्डावर जन्मतारीख १९ मार्च १८८७ आहे. १९ मार्च हा संत जोसेफचा सण, आणि आजोबांचं नाव जुझे, म्हणजे जोसेफच. त्यामुळे दिवस खरा असण्याची शक्यता बरीच, वर्षाचा मात्र नेम नाही. त्या पिढीतल्या लोकांचं वर्ष दोन-तीनने इकडे तिकडे सहज होतं. १८८७ च्या वहीत काही नव्हतं, १८८६ मध्येही नाही. १८८५ च्या वहीत होतं.

पान डावीकडे ओलाव्याने तपकिरी झालेलं आहे. समासात फक्त ‘जुझे’. शेजारच्या नोंदींच्या समासातही नुसती नावंच आहेत, पण मजकुरात आईवडिलांची जोडी आहे. इथे पाद्र्याचं तिरकं अक्षर सवयीने वळत गेलं आहे: मार्च महिन्याच्या एकोणीस तारखेला पहाटे चार वाजता जन्मलेला, मारिया द जेझुश, अविवाहित, याच गावची, हिचा मुलगा, आणि ‘पाय इंकोग्नितु’, वडील अज्ञात. त्याखाली आईच्या आईवडिलांची नावं आहेत. वडिलांकडच्या आजी-आजोबांची ओळ नाही. धर्मपित्याचं आडनाव परेरा.

आडनाव कुठून आलं ते इथे कळलं. ते रक्ताचं नव्हतं, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात घेणाऱ्या माणसाचं होतं. वसईकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळात तिथल्या मराठी घराण्यांना परेरा, लोपीस, डिसोजा ही आडनावं याच वाटेने मिळाली, धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून. तिथे आडनावावरून कुणी लिस्बनचा पूर्वज शोधू पाहत नाही. फॉल रिव्हरमध्ये मात्र पेरी घराण्याने परेरांच्या वंशावळी गोळा करण्यात बरीच वर्षं घातली होती.

फक्त तारीख आणि आईचं नाव जुळलं म्हणून हेच ते जुझे असं मानता आलं नसतं. तिथे डीएनए पुन्हा कामाला आला. नोंदीतल्या मारियाच्या एका बहिणीचा वंश वह्यांमधून खाली उतरवत नेला. १९५३ नंतर साओ मिगेलहून हजारो लोक कॅनडात गेले, त्यांत या घरातलेही होते. त्यांच्यापैकी ओंटारिओत राहणारे दोघे सासूबाईंच्या यादीत आधीपासून होते, आणि वह्यांवरून जे नातं निघत होतं त्याला साजेसा डीएनए त्यांच्याशी जुळत होता. गाव ठरलं, आजोबांची आई ठरली.

राहिले वडील. इथे प्रकरण अवघड होतं, आणि इथेच घाई होण्याचा धोका सर्वांत जास्त होता.

आजीची बाजू आणि मारियाची बाजू वजा केल्यावर जे लोक उरले, त्यांत सर्वांत वरच्या मॅचशी एकूण १८७ सेंटिमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएची लांबी मोजायचं एकक) जुळत होते. कोणत्या नात्यात साधारण किती डीएनए जुळतो याच्या कोष्टकात पाहिलं तर हा आकडा दुसऱ्या पिढीच्या चुलतभावंडांच्या जवळ जातो, म्हणजे पणजोबा-पणजी समाईक असण्याच्या. हाच धागा, असं वाटावं असा आकडा. पण ते १८७ चौदा तुकड्यांत विभागलेले होते आणि सर्वांत लांब तुकडा २२ चा. यादीत बऱ्याच खाली १३१ ची एक मॅच होती: पाचच तुकडे, आणि त्यांतला एक ५८ चा. बेटांच्या बाबतीत मी दुसरीवर जास्त विश्वास ठेवते. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची कापाकाप होते, म्हणून फार जुना तुकडा क्वचितच लांब राहतो. ५८ चा सलग तुकडा अलीकडच्या पूर्वजाकडून आला असण्याची शक्यता मोठी. १८७ वालीचं चारही बाजूंनी दूरचं नातं निघालं, दोन वाटा आजीकडूनसुद्धा, पण पाच पिढ्यांत समाईक असं एकही जोडपं मिळालं नाही. तिची बेरीज खरी होती, पण त्या बेरजेतून कुठलंच एक नातं निघत नव्हतं.

१३१ वाली आणि तिच्याशी त्याच तुकड्यांवर जुळणारे आणखी तिघे एकाच जोडप्याचे वंशज निघाले. ते जोडपं आग्वा रेतोर्ताचं. हे फायाल दा तेर्राच्या शेजारचं, डोंगरावरचं गाव. दोन्ही गावांना जोडणारी जुनी पायवाट आहे. त्या जोडप्याच्या विवाहनोंदीत पाद्र्याने लिहिलं आहे की वधूवरांना तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या रक्तसंबंधातून सूट दिली. चर्चच्या मोजणीत तिसरी पायरी म्हणजे पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. इतक्या जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी लागत असे, आणि ती नोंदवावी लागे. बेटांवरचा वंश शोधणाऱ्याला याहून मोलाची ओळ नाही. चाचणीतला आकडा किती फुगलेला असेल आणि कोणत्या वाटेने, हे ती ओळ सांगते. या चौघांचे आकडे एवढे वर का गेले तेही तिच्यावरून कळलं.

जोडप्याला १८८४ मध्ये वयात आलेले दोनच मुलगे होते. थोरल्याचं लग्न जुझेच्या जन्माच्या जेमतेम चार महिने आधी दुसऱ्या मुलीशी झालेलं. धाकटा अविवाहित, पुढे त्याने आग्वा रेतोर्तातच संसार केला. दोघांचे वंशज आज यादीत आहेत. १३१ वाली थोरल्याची पणती आहे. धाकट्याचा पणतू १०४ वर आहे, सर्वांत लांब तुकडा ४१.

थोरला जर जुझेचा बाप असेल, तर त्याची पणती आणि सासूबाई यांचे पणजोबा एक, पणजी वेगळी. ब्लेन बेटिंजर यांच्या शेअर्ड सीएम प्रोजेक्टमध्ये, म्हणजे नात्यानुसार जुळणाऱ्या सेंटिमॉर्गनच्या संकलनात, अशा नात्याची सरासरी १२० आहे. तो बाप नसून बापाचा भाऊ असेल, तर दोघींचे खापरपणजोबा एक, आणि सरासरी ७३. पण दोन्हींचे पल्ले इतके रुंद आहेत की १३१ आणि १०४ हे दोन्ही आकडे दोन्ही नात्यांत बसतात. त्यात थोरल्याच्या बायकोची वंशावळ उलगडल्यावर ती मारियाच्या घराण्याचीच दूरची निघाली. म्हणजे १३१ मधले काही तुकडे तिच्याकडूनही आलेले असू शकतात. थोरल्याकडे झुकलेला काटा पुन्हा मध्ये आला.

मी वंशावळीत त्या जागी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. ‘आग्वा रेतोर्ताच्या अमुक जोडप्याचा मुलगा’ इतकंच लिहिलं आहे. घरात काहींना हे पटत नाही. एवढं सगळं सापडलं, मग एक नाव टाकायला काय हरकत, असं ते म्हणतात. हरकत अशी की एकदा नाव चढलं की दहा वंशावळी ते उतरवून घेतात, आणि नंतर तो अंदाज होता हे कुणाला कळत नाही. शिवाय एका विवाहित पुरुषावर एक गोष्ट लादली जाते, आणि त्याचे वंशज आज हयात आहेत.

बापाकडून फक्त मुलालाच मिळणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचणीचा पर्याय आहे, कारण सासूबाईंचे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, आजोबांच्या थेट पुरुषवंशातले आहेत. ते तयार नाहीत. २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए चाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली, २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि हे दोन्ही पाहिल्यावर त्यांनी नकार दिला. मला त्यांचा नकार रास्त वाटतो. आणि या प्रकरणात वाय फारसं पुढे नेणारही नाही. दोन सख्ख्या भावांचं वाय एकच असतं. घराणं पक्कं होईल, भाऊ ठरणार नाही.

सासूबाईंनी मध्येच एक प्रश्न विचारला, तो इथे नोंदवायला हवा, कारण साओ मिगेलचं मूळ कळलं की तो अनेकांच्या मनात येतो. मचाडो-जोसेफ हा चेतासंस्थेचा आनुवंशिक आजार अझोरी घराण्यांमध्ये प्रथम वर्णन केला गेला. मचाडो घराणं साओ मिगेलचं, जोसेफ घराणं फ्लोरेस बेटाचं. दोन्ही बेटांवर त्याचे स्वतंत्र मूळ पूर्वज आहेत. जनुकात एक छोटा क्रम वाजवीपेक्षा जास्त वेळा पुन्हा पुन्हा आल्याने हा आजार होतो. वंश शोधण्यासाठीच्या घरगुती चाचण्या ही पुनरावृत्ती मोजत नाहीत, त्यामुळे त्यांच्या निकालावरून ना घाबरावं, ना निर्धास्त व्हावं. घराण्यात तोल जाणं, चाल बिघडणं असा इतिहास असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जावं. सासूबाईंच्या घराण्यात तसा इतिहास नाही, आणि तो विषय तिथेच थांबला.

थोरल्या भावाची एक नात बर्म्युडात आहे, वयाने खूप मोठी. तिची चाचणी झाली तर फरक दिसू शकतो, कारण ती एक पिढी वर आहे. तिचे आजोबा जुझेचे वडील असतील तर तिच्या आणि सासूबाईंच्या नात्याची सरासरी २२४ येते, नसतील तर १२२. बायकोकडून आलेले तुकडे वेगळे काढायला मारियाच्या बहिणीचे ओंटारिओतले वंशज मदतीला आहेतच.

सासूबाईंनी बर्म्युडातल्या त्या बाईंना पत्र लिहिलं आहे. मसुदा आम्ही दोघींनी मिळून केला. पहिल्या मसुद्यात ‘आपण नातेवाईक आहोत, चाचणी कराल का’ एवढंच होतं. ते मी बदलायला लावलं. आता पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की १८८५ मध्ये एक मूल जन्मलं, वडिलांचं नाव नोंदलं गेलं नाही, ते तुमचे आजोबा किंवा त्यांचे धाकटे भाऊ असावेत असा आमचा अंदाज आहे, आणि तुमच्या चाचणीने हे ठरू शकेल. तुमच्या आजीशी त्यांचं लग्न आधी झालेलं होतं, हेही लिहिलं आहे. नकार दिलात तर पुन्हा विचारणार नाही, आणि तुमच्या घरच्या दुसऱ्या कुणाकडे मागून जाणार नाही. पत्र पोहोचलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही, आणि तोवर त्या जागी फक्त त्या जोडप्याचा उल्लेख राहील.